खांदा आलेलं पाऊल

"आदी जू उतरिव गं पोरी. हळद काय पळून चाललीय व्हय?"

हा आवाज शकूच्या कानात राहून गेला होता. आईचा. गोठ्यातल्या अर्ध्या उजेडातला, ओल्या कडब्याच्या वासातला. वडील नांगरणीवरून परतलेले असायचे आणि पाखऱ्या बैल मान खाली घालून उभा असायचा. जू टेकतं तिथं त्याची कातडी सोलून लाल झालेली. ती धाकटी, हळदीची वाटी घेऊन पुढं धावायची, आणि आई तिला हातानं अडवायची. मग जोत्याची गाठ सोडता सोडता स्वतःशीच गुणगुणायची:

जू उतरा गं बाई, खांदा बैलाचा आला
हळद लावू मागनं, आधी इसावा द्या त्याला

खांदा येणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही. ते दिसायचंच. एकाच जागी रोज भार बसतो, कातडी आधी आतून मरते आणि मग वरून फाटते. वरून कितीही लेप लावा, भार तिथंच राहिला तर लेप वाया.

पुढं ती नर्स झाली. बिबवेवाडीतल्या एका दवाखान्यात जखमा बांधायची खोली तिच्याकडं आली. दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात जाऊन तिनं जखमांच्या देखभालीचं शिक्षण घेतलं. तिथं जाड पुस्तकं होती, रंगीत चित्रं होती आणि त्या चित्रांखाली इंग्रजीत जे लिहिलेलं होतं, ते वाचताना तिला सारखा पाखऱ्या दिसायचा.

परत आली तेव्हा दवाखाना होता तसाच होता. जखमेचं काम म्हणजे वाटणी झालेली भाऊबंदकी. कापायचं ते सर्जननं. साखर बघायची ती साखरेच्या डॉक्टरनं. पट्टी बांधायची ती ज्याचा हात रिकामा असेल त्यानं. पेशंट पायात काय घालून घरी जातो, हे कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं. प्रत्येकाचा बांध ठरलेला. बांध ओलांडून बोललं की भांडण.

शकूनं भांडण केलं नाही. तिनं शनिवारी दुपारी चहा ठेवला. बाह्यरुग्ण विभाग उठला की एका पेशंटभोवती सगळ्यांनी बसायचं आणि ज्याला जे दिसेल ते त्यानं बोलायचं, एवढाच नियम. सर्जन देवस्थळी डॉक्टर पहिल्या शनिवारी दाराजवळच्या खुर्चीत बसले, पटकन उठता यावं म्हणून.

"म्हणजे हा वर्ग आहे," ते म्हणाले. "आणि विद्यार्थी आम्ही."

"सगळेच, सर. मीसुद्धा."

"ठीक. चहा बरा आहे. पुढच्या शनिवारी येईन."

ते येत राहिले. खुर्ची हळूहळू आत सरकली. फेस येणाऱ्या औषधाच्या बाटल्या कपाटातून गेल्या, कारण तो फेस घाणीबरोबर नवी कातडीही खातो हे सगळ्यांनी मिळून वाचलं. जखम उघडी ठेवून वाळवायची जुनी रीत गेली. "जखमेला काय पापड समजता, उन्हात घालायला?" असं देवस्थळी एका पेशंटच्या मुलाला म्हणाले आणि ते वाक्य खोलीत सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्यांनीच दारावर पाटी लावून घेतली: 'जखमेत हळद, राख, तंबाखू, चहापूड घालून येऊ नये. घातली असल्यास कुणी सांगितली ते सांगत बसू नये.'

हळदीवर शकूचा जीव होता, पण पाटीला तिनं हरकत घेतली नाही.

*

सर्जेराव वाघोलीहून आले ते पावसाळा ओसरल्यावर. वाघोलीत तेव्हा शेतांतून इमारती उगवायला लागल्या होत्या. उंच, सडसडीत म्हातारा. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, उजव्या पावलाला गुंडाळलेला पंचा. सोबत बायको, तुळजाबाई, आणि गाडी लावायला गेलेला मुलगा बजरंग.

जखम चवड्याखाली होती, अंगठ्याच्या मुळाशी. कडा जाड, पांढुरक्या. मध्ये खोल.

"किती दिवसांची?" देवस्थळींनी विचारलं.

"हाय आपली."

"ठणकते का?"

"ठणकती की. रातच्याला तर लई."

"रातच्याला तर घोरत असता," तुळजाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

"झोपंत ठणकती," सर्जेराव म्हणाले.

देवस्थळींनी बारीक सळई जखमेत हलकेच घालून पाहिली. हाडाला टेकली नाही. ते शकूकडं बघून मान हलवून म्हणाले, "अजून वाचलंय." मग ते स्टूल ओढून सर्जेरावांच्या समोर बसले. उभ्यानं सांगायची ही गोष्ट नव्हती. "आप्पा, स्पष्ट सांगतो. साखरेनं हे झालंय. ही जखम हाडात उतरली, तर पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. आज ती उतरलेली नाही. ती भरायची की उतरू द्यायची, हे आता आपल्या हातात आहे. आपल्या म्हणजे आमच्या आणि तुमच्या."

"पाय न्हाय द्यायाचा," सर्जेराव म्हणाले. मोठ्यानं नाही. पेरायचं बियाणं कुणी उसनं मागावं आणि नाही म्हणावं, तितक्या सहज.

"जमीन दिली की," तुळजाबाई पुन्हा भिंतीशी बोलल्या. "भुईत राम उरला न्हाय म्हनले आन् दिली इकून. पोरं न्हाय म्हनत व्हती, मी न्हाय म्हनत व्हते. आता पायाला न्हाय म्हनत्यात."

सर्जेरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. या बाईचं हे बोलणं पुष्कळदा झालेलं आहे आणि त्याला उत्तर कधीच मिळालेलं नाही, हे शकूला दिसलं.

मग स्पर्शाची परीक्षा. काडीच्या टोकाला बसवलेला नायलॉनचा धागा, घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा. तो पावलावर जागोजागी टेकवायचा आणि पेशंटनं डोळे मिटून सांगायचं.

"आप्पा, डोळे मिटा. धागा लागला की 'हाय' म्हणा."

"हाय," सर्जेराव म्हणाले. "हाय. हाय."

टाचेवर टेकवला, हाय. करंगळीखाली टेकवला, हाय. शकूनं हात मागं घेतला आणि नुसतीच थांबली. धागा हवेत होता.

"हाय," खाटेवरून आवाज आला.

तिनं कागदावर नोंद केली आणि धागा ठेवून दिला.

शनिवारी ती हे बोलली. साखरेच्या डॉक्टर नीरजा बर्वे चष्मा पुसत म्हणाल्या, "पावलाला काहीच कळत नसणार. कळत असतं तर अशा जखमेवर कुणी चाललं असतं का? पण ते कबूल करत नाहीत."

"का करत नाहीत?" देवस्थळींनी विचारलं. "लाज वाटण्यासारखं त्यात काय आहे?"

"ते त्यांनाच ठाऊक. आणि जो माणूस पाय सुन्न आहे हेच मानत नाही, तो पायाकडं रोज बघणार नाही. खिळा घुसला तरी 'हाय' म्हणेल आणि चालेल."

मग बाहेर थांबलेल्या सर्जेरावांनाच वर्गात बोलावलं. नीरजा मॅडमनी त्यांना समजावलं, की दाब कमी करायचाय, भार दुसरीकडं वळवायचाय. सर्जेराव मान डोलवत होते. शहरातल्या सुनेचं बोलणं न कळता डोलवावी तशी ती मान होती. शकूनं खाटेजवळ स्टूल ओढलं.

"आप्पा, खांदा आलाय."

सर्जेरावांनी वर बघितलं. "खांदा?"

"पावलाला. बैलाचा येतो तसा. एकाच जागी भार बसून."

"आता गं." ते आपल्या पावलाकडं वाकून बघू लागले, जणू ते दुसऱ्याच्या दावणीचं जनावर असावं. "खांदाच की हा. अशीच कड धरती. आन् आतनं मऊ."

"मग काय करायचं सांगा?"

"जू उतरवायाचं. खांदा आल्याला बैल कोन जुपतो?"

"तेच करायचंय. जू उतरवायचं."

"आस्सं सांगा की मग," सर्जेराव म्हणाले आणि त्यांचा चेहरा उन्हात आल्यासारखा झाला.

खोलीत सगळे खूश. देवस्थळी म्हणाले, "सिस्टर, हे कुठल्या पुस्तकात नाही. इथून पुढं मी माझं म्हणून सांगणार." जयसिंगभाऊंनी लगेच पावलाचं माप घेतलं. ते पूर्वी कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात होते. आता दवाखान्यामागच्या खोलीत पेशंटांचे बूट बनवायचे, कमी बोलायचे आणि बोलले तर तळव्यांविषयी. त्यांनी बूट घडवला. काळा, जाड तळाचा, घोट्याच्या वर पट्टे. जखमेच्या जागी आतून पोकळी, म्हणजे पाऊल टेकलं तरी तिथं भार बसू नये.

"जखमेला सावली आहे ही," जयसिंगभाऊ बूट पुढं ठेवत म्हणाले. त्यांना तेवढंच सुचलं.

*

आठवडे गेले. सर्जेराव न चुकता येत. बूट घालून, पट्टे नीट आवळून. साखर उतरली. पट्टी ओली-कोरडी जशी हवी तशी. आणि जखम होती तिथंच. दर खेपेला कड जाड झालेली, पुन्हा खरवडायची, पुन्हा जाड.

शनिवारी खोलीत चहा गार होत होता.

"साखर माझ्याकडून ठीक आहे," नीरजा मॅडम म्हणाल्या. "तरी एकदा बघते."

"मी कड कमी काढत असेन," देवस्थळी म्हणाले. हे ते म्हणाले याचं शकूला नवल वाटलं. पूर्वी ते 'पट्टी कुणी बांधली' असं विचारायचे.

"पट्टी मी बदलून बघते," ती म्हणाली.

जयसिंगभाऊ कोपऱ्यात बूट उलटा धरून बसले होते. बोटानं तळ चाचपत, मग खिडकीशी नेऊन. मग आतला अस्तराचा तुकडा काढून त्यांनी वास घेतला.

"सर," ते म्हणाले, "हा बूट चाललेला नाही."

"म्हणजे?"

"तळ घासलेला नाही. आत घामाचा डाग नाही. हा गाडीतनं येतो आणि गाडीतनं जातो. वरात निघते तसा."

देवस्थळी म्हणाले, "आता रागवावं लागेल."

"तुम्ही रागवलात की ते 'हाय' म्हणतील," नीरजा मॅडम म्हणाल्या. "त्यात ते पटाईत आहेत."

"मी आणि भाऊ जाऊन येतो वाघोलीला," शकू म्हणाली. "तिथं ते कसे चालतात ते बघू. इथं ते चालतच नाहीत, खाटेवर बसतात."

देवस्थळींनी थोडा विचार केला. "जा. आणि काय दिसलं ते तसंच्या तसं इथं सांगा. मी रागवणार नाही. निदान प्रयत्न करीन."

*

सकाळचं ऊन कोवळं होतं. घराच्या पुढं नव्या इमारतीची भिंत उठलेली, मागं एवढासा वाफा उरलेला, मेथीचा आणि कोथिंबिरीचा. नुकतंच पाणी सोडलेलं. तुळजाबाईंनी दोघांना पाठीमागं आणलं. नुसतं बोट दाखवलं.

सर्जेराव वाफ्यात उभे होते. अनवाणी. उजवं पाऊल ओल्या मातीत रोवलेलं, पट्टी चिखलानं काळी. सगळं अंग त्या पावलावर टाकलेलं आणि डोळे मिटलेले. चेहरा असा, की लांबून कुणी हाक मारतंय आणि ती नीट ऐकू येत नाही.

शकूनं आवाज हळू ठेवला.

"आप्पा. बूट कुठाय?"

त्यांनी डोळे उघडले. दचकले नाहीत. "आत खुटीला हाय. उतरिवलाय."

"का?"

"का म्हंजे? तुमीच म्हनला की." त्यांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "जू उतरवा म्हनला. मग उतरिवलं. लाकडागत जड ते. दवाखान्याला यायाचं म्हंजे जुपायाचं, घरला आलं की सोडायाचं. खांदा आल्याला बैल मोकळाच ठिवत्यात. मातीत उभा केला की त्याचं त्याला बरं वाटतं."

जयसिंगभाऊंनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून निसटलं. "घ्या. मी सावली म्हणून शिवली आणि इथं तिचं जू झालं."

शकूला हसू आलं नाही. आईचा शब्द तिनं इतक्या मायेनं आणला होता आणि तो अर्ध्या वाटेत दुसऱ्याच गावाला निघून गेला होता. वर्गात सगळ्यांनी मान डोलवली, तिथं कुणीच आप्पांना विचारलं नव्हतं, की उतरवायचं म्हणजे काय उतरवायचं. हे शनिवारी सांगायचं, तिनं मनाशी ठरवलं. पेशंटनं मान डोलवली की थांबायचं नाही. त्याच्या तोंडून परत ऐकायचं.

ती वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. "आप्पा, हात द्या."

त्यांच्या तळहातावर तिनं अंगठा दाबून धरला. काढला तेव्हा तिथं पांढरा ठसा होता. हळूहळू तो पुन्हा लाल झाला.

"रक्त गेलं होतं. आता आलं. मी अंगठा काढलाच नसता तर?"

सर्जेराव तळहात बघत राहिले.

"तुमच्या पावलावर हा अंगठा म्हणजे तुमचं अंग. तुमचं वजन. जू तेच आहे. बूट नाही. बूट घातला की अंगठा उचलला जातो."

"म्हंजे मी सोडला म्हनत व्हतो, तवा जुपत व्हतो."

"हां."

"आरं तिच्या," सर्जेराव म्हणाले, आपल्यावरच. थोडं हसलेही. "बैल मीच आन् गाडी बी मीच."

जयसिंगभाऊ आत जाऊन बूट घेऊन आले. पण म्हातारा वाफ्यातून निघेना. तोंडानं कळलं म्हणत होता, पाऊल मात्र रोवलेलंच. बोटं मातीत हलत होती, चाचपडत.

"या ना बाहेर, आप्पा."

"येतो. जरा ऱ्हातो."

"रोज सकाळी ह्येच," तुळजाबाई म्हणाल्या. "इकताना भुई नकोशी झाली, आन् आता एवढ्याशा वाफ्यात देव शोधत बसत्यात. या भायेर. पाय धुते."

त्यांनी चुलीवरचं पाणी तांब्यात ओतून आणलं होतं. तांब्यातून वाफ निघत होती. शकूनं आधी त्यात आपलं कोपर बुडवलं, मग हौदातलं गार पाणी मिसळायला लावलं. सर्जेराव शेवटी काठाच्या दगडावर येऊन बसले. शकूनं चिखलाची पट्टी सोडली. जखम पाहिली, सळईनं हलकेच चाचपली. हाड अजून लागत नव्हतं. तिनं श्वास सोडला. मग तुळजाबाई वाकल्या आणि जखमेला न शिवता टाचेवर, घोट्यावर पाण्याची धार सोडू लागल्या. माती वाहून जात होती आणि खालची निबर, फिकट कातडी उघडी पडत होती.

किती वर्षांनी ही बाई या पावलाला हात लावत असेल, शकूला वाटलं. सासुरवाशिणीच्या गळ्यातली एक ओवी तिच्या मनात उमटली आणि तिनं ती तिथंच ठेवली:

धन्याच्या पावलाची माती धुते मी दारात
बोलणं अडकलं, पाणी वाहतं भरात

सर्जेराव पाण्याच्या धारेकडं टक लावून बघत होते. बराच वेळ.

"पानी गार हाय का ऊन?" त्यांनी विचारलं.

तुळजाबाईंचा हात थांबला. "आता पायावर तुमच्याच पडतंय. मला काय इचारता?"

"इचारतोय."

"कोमट हाय."

"मला कळत न्हाय," सर्जेराव म्हणाले.

जयसिंगभाऊ बूट हातात धरून गुडघ्यावर बसले होते, ते तसेच राहिले. इमारतीवर कुणीतरी लोखंड ठोकत होतं.

"कवापासनं?" तुळजाबाईंनी विचारलं. आवाजात आता टोमणा नव्हता.

"लई झालं." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पाऊस होऊन गेला की समदा गाव मला इचारायचा, ठावं हाय न्हवं. आप्पा, वापसा आला का? पेरू का? भुईत वल लई बी नको, कमी बी नको. मी पायतान काढायचो, पाय ठिवायचो आन् सांगायचो. हाताला बी कळत न्हाय तसं पायाला कळायचं."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"मग एका साली ठिवला. काय बी न्हाय. फरशीवर ठिवल्यागत. समदी तोंडाकडं बघत व्हती. मी म्हनलं आला वापसा, पेरा. नुसतं म्हनलं. पुढल्या साली बी तसंच. मग मला भ्या वाटाया लागलं. माझ्या सांगन्यावर लोकं पेरत्यात. म्हनून इकूनच टाकली भुई."

पाणी तांब्यातून थेंब थेंब गळत होतं. तुळजाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं. सर्जेरावांनी तिथं बघितलं, हात कुठं आहेत ते डोळ्यांनी पाहून घेतलं, आणि मग बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"भुईला काय झालं न्हवतं," ते म्हणाले. "वल व्हती तिच्यात. मलाच कळंना झालती, आन् त्ये मी तुला सांगितलं न्हाय."